पीएच.डी. प्रवेशासाठीच्या परीक्षेतील इंग्रजी शब्द आणि उतारे: शब्द पाठ असूनही उत्तरे का चुकतात?

प्रश्न: आटपाडीकर (सांगली)

नमस्कार. मी मूळची आटपाडीची असून सांगलीतील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र हा विषय तासिका तत्त्वावर शिकवते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत शिकले, एम.एस्सी.चा प्रकल्प अहवालही इंग्रजीतच लिहिला. द्राक्षावरील डाऊनी आणि भुरी या रोगांवरचे शोधनिबंध मी आता फारसे न अडखळता वाचते. अमेरिकेतील काही विद्यापीठांत वनस्पती रोगशास्त्रातील पीएच.डी.साठी अर्ज करण्याचे मी ठरवले आहे. त्यांपैकी दोन ठिकाणी जीआरई या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांचा उल्लेख आहे आणि टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा तर सगळीकडेच लागते.

माझी अडचण अशी आहे. एका शिकवणी वर्गात मला सांगण्यात आले की तीन हजार कठीण शब्द पाठ केले की जीआरईचा भाषेचा भाग आपोआप सुटतो. त्याप्रमाणे गेले पाच महिने विटा ते सांगली या एसटीच्या प्रवासात मी रोज शब्द पाठ करते आहे. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, असे अकराशेच्या वर शब्द झाले आहेत. तरीही गेल्या आठवड्यातील सराव परीक्षेत भाषेच्या भागात १४६ गुणच मिळाले. चुकलेले प्रश्न पुन्हा पाहिले, तेव्हा एक गोष्ट मला फार खटकली. बऱ्याच प्रश्नांत एकही शब्द अनोळखी नव्हता. एका वाक्यात ‘क्वालिफाय’ हे क्रियापद होते. मी त्याचा अर्थ पात्र ठरणे असा घेतला आणि संपूर्ण वाक्यच माझ्या हातून निसटले. उताऱ्यांचे तर त्याहून अवघड आहे. शिल्पकलेवरचा किंवा अठराव्या शतकातील व्यापारावरचा उतारा समोर आला की दोनदा वाचूनही लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे ते हाती लागत नाही.

मी आणखी दोन हजार शब्द पाठ करावेत, की माझी पद्धतच चुकते आहे? आणि जिला आयुष्यभर बुरशीचा अभ्यास करायचा आहे, तिच्याकडून शिल्पकलेवरचा उतारा वाचून घेण्यामागे काय हेतू असावा, हेही कोणी समजावून सांगितले तर मनापासून आभारी राहीन.

उत्तर १: कोयनाकाठ (मूळ कराड)

ताई, मी कराडचा आहे आणि सध्या अमेरिकेत मृदाशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. शब्द पुढे पाठ करण्याआधी एक काम करा. ज्या दोन विभागांनी जीआरईचा उल्लेख केला आहे त्यांना पत्र लिहून विचारा की हे गुण बंधनकारक आहेत, की पाठवले तर विचारात घेतले जातात. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील अनेक विभागांनी, विशेषतः जीवशास्त्राशी संबंधित विभागांनी, जीआरईची अट काढून टाकली आहे किंवा ती ऐच्छिक केली आहे. हा निर्णय बहुधा विद्यापीठाचा नसून विभागाचा असतो, त्यामुळे एकाच विद्यापीठातील दोन विभागांचे नियम वेगळे असू शकतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. शिकवणी वर्गाने दिलेला सल्ला एका वेगळ्या परीक्षेसाठी आहे आणि ती परीक्षा आता अस्तित्वात नाही. २०११ पर्यंत जीआरईमध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांमधील साम्य ओळखण्याचे प्रश्न असत. तिथे सुटा शब्द समोर येई आणि तो माहीत नसेल तर दुसरा आधार नसे. ऑगस्ट २०११ मध्ये ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने तिची रचना बदलली आणि हे दोन्ही प्रकार वगळले. आता शब्द नेहमी वाक्याच्या आत येतो. वाक्यातील रिकाम्या जागा भरणे, वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडणे आणि उतारे, असे तीनच प्रकार उरले आहेत, आणि त्यांतील जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. तीन हजार शब्दांच्या याद्या मात्र जुन्या काळापासून जशाच्या तशा फिरत राहिल्या आहेत.

सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली. भाषेच्या भागात आता २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे असतात. पहिल्या खंडात १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. पहिला खंड कसा सोडवला यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीच्या बारा प्रश्नांत घाई करू नका. गुण १३० ते १७० या पट्ट्यात मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. मात्र तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी त्या प्रश्नाचा गुण मिळत नाही, कारण त्या वाक्याचा अर्थ तिन्ही जागा बरोबर भरल्यावरच पूर्ण होतो असे परीक्षकांनी गृहीत धरलेले असते.

‘क्वालिफाय’मुळे तुम्ही फसलात, तसाच मीही फसलो होतो. विधान क्वालिफाय करणे म्हणजे त्याला अट घालणे, त्याची व्याप्ती कमी करणे. असे शब्द या परीक्षेत पुन्हा पुन्हा येतात. ‘टेम्पर’ म्हणजे राग हे आपल्याला माहीत असते, पण क्रियापद म्हणून तो सौम्य करणे या अर्थाने येतो. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, पण उत्साह फ्लॅग होतो म्हणजे तो ओसरतो. ‘अरेस्ट’ म्हणजे वाढ थांबवणे, ‘वाँट’ म्हणजे उणीव, ‘इकॉनॉमी’ म्हणजे काटकसर. ‘सँक्शन’ तर मंजुरीही असते आणि निर्बंधही, आणि त्यातला कोणता अर्थ घ्यायचा हे फक्त वाक्यच सांगते. अवघड शब्द निदान अवघड आहे हे कळते. हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून आपण तिथे थांबतच नाही. मी अशा शब्दांची वेगळी वही केली होती. सुमारे दोनशे शब्दांची ती वही मला आठशे शब्दांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगी पडली.

ईटीएसच्या संकेतस्थळावर पॉवरप्रेप या नावाच्या दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य मिळतात. त्या शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा, कारण खऱ्या परीक्षेच्या सर्वांत जवळच्या त्याच आहेत.

उत्तर २: निवृत्त प्राध्यापक (सातारा)

मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवले. माण, खटाव, जावळी इथून आलेले, घरात इंग्रजीचे एक पानही नसलेले विद्यार्थी हेच माझे बहुतेक विद्यार्थी होते. तुमचा प्रश्न मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शब्द येणे आणि न येणे अशा दोनच अवस्था नसतात. रूप ओळखीचे वाटते, ही पहिली पायरी. एक अर्थ सांगता येतो, ही दुसरी. तो शब्द कोणत्या शब्दांच्या संगतीने येतो, कुठे शोभतो आणि कुठे खटकतो हे कळते, ती त्यापुढची. तुमच्या वहीतील अकराशे शब्द दुसऱ्या पायरीवर आहेत आणि परीक्षा तिसऱ्या पायरीवरचे विचारते. मराठीतले उदाहरण घ्या. काटकसरी, मितव्ययी, चिक्कू आणि कवडीचुंबक हे चारही शब्द कमी खर्च करणाऱ्या माणसाविषयी आहेत. पण आपल्या वडिलांना काटकसरी म्हणणारी मुलगी त्यांना कवडीचुंबक म्हणणार नाही. इंग्रजीत ‘फ्रूगल’, ‘पार्सिमोनियस’ आणि ‘माइझरली’ यांच्यात हाच फरक आहे, आणि वहीत तिन्हींपुढे कंजूष असे लिहिले की तो पुसला जातो. त्यातही गंमत अशी की वनस्पतींच्या वंशवृक्षांच्या अभ्यासात तुम्ही ‘पार्सिमनी’ हा शब्द कितीतरी वेळा वाचला असेल, आणि तिथे तो गुण मानला जातो: कमीत कमी बदल गृहीत धरणारे स्पष्टीकरण स्वीकारावे. म्हणजे तो शब्द तुम्हाला यादीतून नव्हे, तुमच्या शास्त्रातून आधीच अधिक खोलवर माहीत आहे. फक्त परीक्षेत तो अनोळखी पोशाखात आल्यामुळे ओळख पटत नाही.

शब्द किती लागतात याचा अभ्यासही झालेला आहे. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ मधील मांडणीप्रमाणे कोणाच्या मदतीशिवाय इंग्रजी मजकूर समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी चालतो, आणि त्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुलांची ओळख लागते. एका मूळ शब्दापासून झालेली सगळी रूपे मिळून एक शब्दकुल होते. हा आकडा वाचून घाबरू नका, कारण त्यातील फार मोठा भाग शिक्षणाच्या ओघात तुमच्या पदरी आलेला आहे. नेशन यांच्याच विद्यापीठातील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ३५ लाख शब्दांच्या शैक्षणिक मजकुरातून ५७० शब्दकुलांची यादी काढली. कोणत्याही विषयाच्या शैक्षणिक लेखनात सुमारे दहा टक्के जागा एवढेच शब्द व्यापतात. ‘अझ्यूम’, ‘इम्प्लाय’, ‘कन्स्ट्रेन’, ‘ऑल्बीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ हे सगळे त्यात आहेत. दुर्मीळ शब्दांमागे लागण्याआधी या यादीतील प्रत्येक शब्द एका वाक्यात अचूक वापरता येतो का, हे तपासा. माझ्या अनुभवात उतारा न समजण्याचे कारण ‘ऑल्बीइट’ (जरी, असे असले तरी) यासारखा छोटा शब्द जितक्या वेळा ठरला, तितक्या वेळा मोठा भारदस्त शब्द कधीच ठरला नाही.

रिकाम्या जागेच्या प्रश्नात काय तपासले जाते, ते मराठीतच दाखवतो. वाक्य असे आहे: ‘अहवालाची भाषा वरवर _____ वाटत असली, तरी प्रत्येक परिच्छेदात एकाच बाजूचा पुरावा निवडून मांडलेला असल्यामुळे लेखकाचा कल लपून राहत नाही.’ पर्याय आहेत क्लिष्ट, पक्षपाती, तटस्थ, रसाळ आणि आक्रमक. पाचही शब्द शाळकरी मुलालाही येतात. तरी घाईत वाचणारा ‘एकाच बाजूचा पुरावा’ हे शब्द पाहून पक्षपाती निवडतो. ज्याने ‘वरवर’ आणि ‘असली, तरी’ या दोन खुणा टिपल्या, तो तटस्थ निवडतो. म्हणून पर्यायांवर हात ठेवून आधी वाक्य वाचा, वळण कुठे आहे ते पाहा, रिकाम्या जागी स्वतःचा साधा मराठी शब्द ठेवा आणि मगच पर्याय उघडा.

उताऱ्यांविषयी माझे एक निरीक्षण आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे शेवटपर्यंत वाट पाहण्याची सवय आपल्याला असते. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद बहुधा आधी येतात आणि अटी, अपवाद, कारणे मागून जोडली जातात. कधी कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तीन ओळींचा मजकूर घातलेला असतो. आपण शेवटाकडे धाव घेतो आणि मुख्य विधान मागेच राहून जाते. लांब वाक्य आले की आधी मुख्य क्रियापद शोधा, मग ते कोणाचे आहे ते पाहा, आणि उरलेला सगळा भाग त्या दोघांना कुठे जोडला आहे ते ठरवा. महिनाभर रोज दहा वाक्ये अशी उलगडलीत तर फरक जाणवेल. त्याबरोबर प्रत्येक परिच्छेदानंतर मराठीत एक वाक्य लिहा. परिच्छेदात काय माहिती आहे ते लिहू नका, परिच्छेद काय काम करतो ते लिहा: प्रचलित मत सांगतो, त्यावर आक्षेप घेतो, आक्षेप काही अंशी मान्य करतो, उदाहरण देतो. जीआरईचे बरेचसे प्रश्न या कामाविषयीच असतात.

शिल्पकला कशासाठी, असे तुम्ही विचारले आहे. ज्या विषयाचे ज्ञान परीक्षार्थीला आधीपासून असते, त्या विषयाच्या उताऱ्यावर तो वाचून उत्तर देतो की आठवून, हे परीक्षकाला कळत नाही. म्हणून उतारे नाना विषयांतले असतात आणि उत्तरासाठी लागणारे सर्व काही उताऱ्यातच दिलेले असते. तरी विषयाची भीती घालवायला आपल्याजवळ एक चांगला उपाय आहे. वाईला ज्याचे काम चालते त्या मराठी विश्वकोशातील नोंदी आता संगणकावर वाचता येतात. शिल्पकला, व्यापारवाद, भूरचना, संगीत यांतील एखादी नोंद आधी मराठीत वाचा आणि मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख घ्या. कल्पना ओळखीची झाली की वाक्यरचनेशी झुंजायला डोके मोकळे राहते.

संस्कृतचा आधार घ्यावा का, असे विद्यार्थी विचारतात. थोडा घ्यावा. ‘व्होकल’ आणि ‘इक्विव्होकल’ यांतील मूळ आपल्या ‘वाच्’ या धातूचे भावंड आहे, ‘कॉग्निशन’ ‘ज्ञा’शी आणि ‘मॉर्टल’ ‘मृत’शी नाते सांगतो. मात्र केवळ मुळावरून अर्थ ठरवू नये. ‘सँग्विन’चे मूळ रक्ताशी संबंधित आहे, पण माणूस सँग्विन आहे म्हणजे तो आशावादी आहे.

उत्तर ३: हरिपूर रस्ता (सांगली)

सरांच्या उत्तराविषयी पूर्ण आदर ठेवून एका मुद्द्यावर असहमती नोंदवतो. त्यांचा भर यादीपेक्षा वाचनावर दिसतो, पण नोकरी सांभाळून चार महिन्यांत परीक्षा देणाऱ्याला केवळ वाचनातून शब्द मिळतील, ही अपेक्षा व्यवहारात उतरत नाही. एखादा शब्द मनात बसण्यासाठी तो अनेकदा भेटावा लागतो आणि ‘लकॉनिक’ (मितभाषी) यासारखा शब्द चार महिन्यांच्या वाचनात कदाचित दोनदाच भेटेल. यादी लागतेच. चूक यादीत नसून ती पाठ करण्याच्या रीतीत आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीला फार वेगाने विसरले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. म्हणून एका दिवशी पन्नास शब्द घेऊन पुढे जाण्याऐवजी वीस शब्द घ्यावेत आणि तेच दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा तपासावेत. कागदाच्या पुढच्या बाजूला सुटा शब्द न लिहिता रिकामी जागा असलेले वाक्य लिहावे, म्हणजे सरांचा आग्रहही पाळला जातो.

आपल्याला खरोखर किती शब्द येतात याचा प्रामाणिक अंदाज घ्यायचा असेल, तर पॉल मिआरा या संशोधकाने १९८० च्या दशकात रूढ केलेली एक साधी युक्ती आहे. खऱ्या शब्दांमध्ये काही बनावट, पण इंग्रजीसारखे दिसणारे शब्द मिसळायचे आणि प्रत्येकापुढे येतो किंवा येत नाही एवढीच खूण करायची. बनावट शब्दांपुढे जितक्या वेळा येतो अशी खूण होते, तितका आपला अंदाज फुगलेला असतो. मैत्रिणीकडून अशी यादी करून घ्या. मी केली तेव्हा साठांपैकी वीस बनावट शब्दांत सहा मला ओळखीचे वाटले होते, आणि त्यानंतरच मी जुने शब्द पक्के करायला बसलो.

न्यायाविषयीही लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या घरात लहानपणापासून इंग्रजी वर्तमानपत्र येते त्या घरातील मुलाला ४१ मिनिटे पुरतात. जी मुलगी प्रत्येक वाक्य मनात तोलून वाचते, तिला ती पुरत नाहीत. संशोधनाला मात्र तोलून वाचणारेच लोक लागतात. वेगाला इतके महत्त्व देणारी परीक्षा संशोधकाची पारख पूर्णपणे करते असे मला वाटत नाही, आणि अनेक विभागांनी ती अट सोडली हे मला योग्य वाटते.

उत्तर ४: संशोधन मार्गदर्शक (सातारा)

मी एका संशोधन केंद्रात मार्गदर्शक आहे. चर्चा परदेशी परीक्षांपुरती राहिली आहे, म्हणून इथल्या प्रवेशाविषयी लिहितो, कारण शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी हे वाचत असतील.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो, आणि निवडीत परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. २०२४-२५ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही प्रवेशासाठी धरता येतात. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि त्यांतील पाच एका उताऱ्यावर असतात. तो पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. राज्याच्या सेट परीक्षेत मराठीही असते. म्हणजे प्रगत इंग्रजी वाचन आपल्याकडे जवळजवळ तपासलेच जात नाही. प्रवेश मिळाल्यावर मात्र विद्यार्थ्याला पहिल्या सहा महिन्यांत शंभरेक इंग्रजी शोधनिबंध वाचावे लागतात. परीक्षा सोपी आहे याचा आनंद विद्यार्थ्याला त्या सहा महिन्यांपर्यंतच टिकतो, आणि मग त्याच्या हाती फक्त भाषांतराचे संकेतस्थळ उरते. हे मी दरवर्षी पाहतो आणि मला त्याचे वाईट वाटते.

म्हणून मुलाखतीत मी एक पान देतो. उमेदवाराच्याच विषयातील एखाद्या निबंधाचा सारांश असतो. दहा मिनिटे वाचून त्याने मराठीत तीन गोष्टी सांगायच्या: लेखकाचा दावा काय आहे, तो कशाच्या आधारावर आहे, आणि लेखकाने स्वतःच शंका कुठे ठेवली आहे. पहिल्या दोन गोष्टी बहुतेकांना येतात. तिसरीत गोंधळ होतो. ‘आमची निरीक्षणे या कल्पनेशी कन्सिस्टंट आहेत’ याचा अर्थ ‘ही कल्पना सिद्ध झाली’ असा सांगितला जातो. वास्तविक लेखक एवढेच म्हणतो की निरीक्षणे कल्पनेच्या विरोधात जात नाहीत. ‘मे’, ‘सजेस्ट’, ‘लार्जली’, ‘अपिअर्स टू’ हे शब्द कोणत्याही कठीण शब्दांच्या यादीत सापडणार नाहीत, पण संशोधनातील जबाबदारी त्यांच्यावरच तोललेली असते. अस्खलित इंग्रजी बोलणारे उमेदवार इथे अडखळलेले मी पाहिले आहेत, आणि दुष्काळी भागातील, बोलताना चाचरणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्या एका पानातील चारही शंका अचूक दाखवल्याचेही पाहिले आहे. मराठीत सांगायला लावण्याचे कारण असे की इंग्रजी वाक्य इंग्रजीतच परत म्हणून दाखवता येते, मराठीत सांगायचे तर ते समजावेच लागते.

आटपाडीकर ताई, तुम्ही रोज वाचता त्या निबंधांतही हाच सराव करा. रोगशास्त्रातील एखाद्या निबंधाचा शेवटचा भाग घ्या आणि लेखकाने आपला दावा कुठे कुठे क्वालिफाय केला आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करा. ज्या शब्दाने तुम्हाला परीक्षेत फसवले, त्याचा अर्थ मग वहीत लिहावा लागणार नाही.

आटपाडीकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभरात एवढे केले. दोन्ही विभागांना पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले की जीआरई ऐच्छिक आहे. दुसऱ्याची वाट पाहते आहे. सराव परीक्षेतील चुकलेले चौदा प्रश्न पुन्हा घेऊन बसले. त्यांतील चारच प्रश्नांत खरोखर अनोळखी शब्द होता. पाच ठिकाणी ओळखीच्या शब्दाचा दुसरा अर्थ होता आणि उरलेल्या पाच ठिकाणी मी वाक्यातील वळण पाहिलेच नव्हते. पाच महिने मी चार प्रश्नांची तयारी करत होते, हे पाहून फार वाईट वाटले, पण आता काय करायचे ते दिसते आहे. मैत्रिणीकडून बनावट शब्दांची यादीही मागितली आहे.

एक नवी शंका आहे. आयईएलटीएसचा सराव सुरू केला. ६० मिनिटे, तीन उतारे, ४० प्रश्न. एक उतारा चक्क बोर्डो मिश्रणावर होता. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांना दूर ठेवण्यासाठी मोरचूद आणि चुना मारलेला असे, त्या वेलींवर डाऊनी आला नाही हे मिलार्डे यांच्या लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण प्रसिद्ध केले, हा इतिहास मी दरवर्षी वर्गात शिकवते. तासगावच्या बागांत बोर्डो आजही मारतात. आणि नेमक्या याच उताऱ्यावर माझी सर्वांत जास्त उत्तरे चुकली. विधान खरे, खोटे की दिलेले नाही, असे तीन पर्याय होते. खोटे आणि दिलेले नाही यांत फरक कसा करावा?

निवृत्त प्राध्यापक (सातारा)

तुम्ही उतारा वाचला नाही, स्वतःचे वर्गातील व्याख्यान आठवले. परक्या विषयाचे उतारे का देतात, याचे उत्तर तुम्हाला आता माझ्यापेक्षा चांगले मिळाले आहे.

फरक असा करावा. समजा उताऱ्यात एवढेच म्हटले आहे की मिश्रण मारलेल्या वेलींची पाने हंगामाच्या शेवटीही टिकून होती. आता तीन विधाने पाहा. ‘मिश्रण मारलेल्या वेलींची पाने लवकर गळली’ हे खोटे आहे, कारण उताऱ्यातील एक वाक्य त्याच्या थेट विरोधात उभे राहते. ‘मिश्रणात चुना होता’ हे तुम्हाला आणि मला माहीत असले तरी या उताऱ्यात दिलेले नाही. ‘मिश्रणामुळे द्राक्षाचे उत्पादन वाढले’ हे पाने टिकल्यावरून शक्य वाटते, पण तेही दिलेले नाही. खोटे म्हणायचे असेल तर विरोध करणाऱ्या शब्दांवर बोट ठेवता आले पाहिजे, आणि खरे म्हणायचे असेल तर दुजोरा देणाऱ्या शब्दांवर. बोट ठेवायला जागा सापडली नाही की तिसरा पर्याय निवडावा आणि पुढच्या प्रश्नाकडे जावे, कारण नसलेली ओळ शोधण्यात विद्यार्थ्यांची पाच-पाच मिनिटे जातात. पुढच्या दहा दिवसांत द्राक्ष, हळद आणि बुरशी यांवरचेच उतारे मुद्दाम निवडा, प्रत्येक उत्तरापुढे आधाराच्या ओळीचा क्रमांक लिहा, आणि जिथे क्रमांक लिहिता आला नाही तिथे तुम्ही काय उत्तर दिले होते ते मला इथे कळवा.